खोगीर ओढा यंदा खुला होतोय

शेरिडन, ३ मार्च २०११

बेन्यात,

खोगीर ओढा यंदा जुलैपासून गळाला खुला होतोय. मासेखात्याचं पत्रक कालच्या टपालाने आलं. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ते मला पाठवतात. माणशी तीन मासे न्यायची मुभा, काट्याला उलटा दात नको, बाकी अटी नेहमीच्याच.

आपण जायचं. तू आणि मी. पाठीवर सामान घेऊन, चार रात्री, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर तुझी गवतकापणी झालेली असेल आणि खिंडीतला बर्फही गेलेला असेल. जुलैत गेलो तर डास आपल्याला उचलून नेतील आणि सामान तेवढं मागे राहील.

खेचरं नकोत. खेचरांतला आपला सिनेटर म्हाताऱ्याचा म्हातारा होऊन मेला हे आर्लीनकडून कळलं होतं. तुझी बायको आणि मी वर्षातून दोनदा फोनवर बोलतो. तुला ते माहीत असेल, किंवा नसेल. तुझ्या गुडघ्याचंही तिनेच सांगितलं. म्हणून वाट दोन दिवसांत तोडलीय: पहिल्या दिवशी गाडीरस्ता संपतो तिथून मेंढ्यांच्या जुन्या तळापर्यंत पाच मैल, दुसऱ्या दिवशी खिंड चढून पलीकडे ओढ्यापर्यंत चार. तरणी माणसं हे सगळं दुपारच्या जेवणाआधी उरकतात. मी एकसष्टची आहे, तू सत्तावन्नचा. आपण कुणाशी शर्यत लावलेली नाही.

तंबू माझा, स्टोव्ह माझा, पाणी गाळायचं यंत्र माझं. खाणं झाडाला टांगायची दोरीही माझीच. त्या रानातली काळी अस्वलं अजून तशीच चोर आहेत. तू तुझी काठी आण, स्लीपिंग बॅग आण आणि कोरड्या मोज्यांचे तीन जोड. तुझ्या सॅकचं वजन पंचवीस पौंडांच्या वर जाता कामा नये.

त्या वर्षाबद्दल मी इथे काही लिहीत नाही. वाटेत बोलावंसं वाटलं तर बोलू.

यादी जोडलीय. नको ते खोड.

मायालेन


शेरिडन, २९ मार्च

बेन्यात,

तुझं उत्तर नाही म्हणून आर्लीनला फोन केला.

"पत्र मिळालं का त्याला?"

"मिळालं की. गाडीला टेकून उभ्या उभ्या वाचलं आणि गाडीच्या खणात टाकलं. तिथे पाने-पक्कड आहेत, मेंढ्यांची औषधं आहेत आणि आता तुझं पत्र."

"काही म्हणाला?"

"मायालेन, तो तुझ्याबद्दल कधी वाईट बोलत नाही. तो तुझ्याबद्दल बोलतच नाही."

मला बरं वाटावं म्हणूनच ती हे म्हणाली, बिचारी.

तर मी माझी तयारी चालू ठेवलीय. रोज जेवणाआधी गळासाठी दोन खोटे नाकतोडे बांधते. पोटाला पिवळा धागा, डोक्याला हरणाचे केस. ऑगस्टात वरच्या कुरणातून माणूस चालला की नाकतोडे घाबरून पाण्यात उड्या घेतात आणि काठाखाली दबा धरून बसलेला ट्राउट तोंड वासून वर येतो, हे मला तुला सांगायला नको.

पण आता कोणता ट्राउट, असं तू मनात म्हणशील. सांगते. तांबडगळ्या. या डोंगरातला मूळचा, जबड्याखाली तांबडी रेघ असलेला. मी पहिल्यांदा मोजले तेव्हा अख्ख्या वरच्या पाण्यात त्यांची एकतीस डोकी उरली होती, तीही एका बाजूच्या झऱ्यात, न्हाणीघराएवढ्या डोहात. गेल्या सप्टेंबरच्या मोजणीत चार हजारांच्या वर गेली.

ज्यांनी त्यांना त्या झऱ्यात रेटलं होतं ते ठिपके, म्हणजे बाहेरून आणलेले ठिपक्यांचे ट्राउट, आपल्या आइताचे. ती गोष्ट तू शंभरदा ऐकलीयस. मी चार वर्षांची होते, तू आमाच्या पोटात होतास. वरच्या कुरणात मेंढ्या घेऊन एकट्याने उन्हाळा काढायचा, रोज घेवडा आणि मटण खायचं, आणि समोर एवढं पाणी वाहतंय, त्यात एक मासा नाही! हे आपल्या बापाला सहन होईना. त्याने खालच्या ओढ्यातून ठिपके धरले, दुधाच्या दोन बरण्यांत घातले, बरण्यांना ओलं गोणपाट गुंडाळलं आणि खेचरावर लादून धबधब्याच्या वर नेले. वाटभर दर पावलाला थांबून हाताने पाणी हलवत होता, त्यांचा जीव गुदमरू नये म्हणून. पाणी रिकामं नाही, झऱ्यात दुसरे कुणी राहतात, हे त्याला कसं कळणार? तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं.

ही गोष्ट मी माझ्या अहवालात कधी लिहिली नाही. "हे मासे धबधब्याच्या वर कुणी व केव्हा सोडले याची माहिती उपलब्ध नाही," असं तीन ठिकाणी लिहून खाली सही केलीय. हे मी तुला पहिल्यांदाच सांगतेय.

काही कळव. "नाही" म्हणायचं असेल तर तेही कळव.

मायालेन


शेरिडन, २५ एप्रिल

बेन्यात,

यादी आली. माझीच यादी, तुझ्या पेन्सिलीसकट.

"पीठ दोन पौंड" खोडून पुढे लिहिलंयस, "मासे तळायचेत की लग्नाच्या पंगती उठवायच्यात?" मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसले. बरं, अर्धा पौंड. चोरिझो सॉसेज दोनाचे चार केलेस, ठीक. मेंढीचं चीज तू आणणार, उत्तम, दुकानातलं मला गिळवत नाही. "खुर्ची?" असं प्रश्नचिन्ह घातलंयस. ती घडीची आहे, एक पौंडाची, आणि दगडावर बसलं तर मला उठता येत नाही. ती येणार.

आणि कागदाच्या मागे तू विचारलंयस: "पुढल्या सालावर गेलं असं मला का सांगितलंस?"

हा प्रश्न मी बारा वर्षं आठ महिने तुझ्याकडून ऐकायची वाट बघत होते, आणि आता आला तर चार दिवस टेबलावर पडून आहे. उत्तर लिहिते.

त्या जूनमध्ये तू फोन केलास. म्हणालास, "दुकानात लोक म्हणतात खातं खोगीर ओढ्यात विष घालणार. खरं का?" मी म्हणाले, "बोलणं चालू आहे. पण यंदा नाही. पुढल्या सालावर गेलंय." तू म्हणालास, "मग ऑगस्टात आइताला वर नेतो. सत्त्याहत्तरचा झाला, पुढच्या वर्षी खेचरावर बसवेल न बसवेल." मी म्हणाले, "ने."

ने म्हणाले, बेन्यात. तारीख तेव्हा माझ्या टेबलावर होती. एकोणीस ऑगस्ट. मला वाटलं, तू महिन्याच्या सुरुवातीला जाशील आणि आइता आपले मासे शेवटचे खाऊन येईल. तू नेहमी सुरुवातीलाच जायचास.

खरं सांगितलं असतं तर तू गप्प बसला नसतास. अर्ज केला असतास, चार मेंढीवाल्यांना घेऊन सुनावणीला आला असतास, आणि ते सगळे माझ्या ओळखीचे, माझ्या बाप्तिस्म्याला जेवून गेलेले. ठिपके मारून ओढा तांबडगळ्यांना मोकळा करायचं काम एक वर्ष लांबलं असतं. झरा त्या साली आटत होता. एकतीस मासे अजून एक उन्हाळा काढतील असं मला वाटत नव्हतं. हे कारण खरं आहे. ते मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता त्याचा आवाजही येत नाही.

तुझी कापणी त्या साली पावसाने लांबली, हे मी विचारलं नाही.

पुढचं तू पाहिलंसच. मी मात्र माझ्या बाजूने कधी सांगितलं नाही. मी पिवळ्या रबरी कपड्यांत गुडघाभर पाण्यात होते. मेलेले मासे जाळीशी गोळा करून मोजायचे होते, आणि हातमोजे घालून मोजता येत नाही म्हणून ते काढून ठेवले होते. मी वाकून मोजत होते. मान वर केली तर सिनेटर पाण्याशी उभा, आणि तू आइताला खाली उतरवत होतास.

तो गुडघ्यावर बसला. एक ठिपक्या उचलला, उलटा केला, केशरी पोटावरून अंगठा फिरवला.

"मायालेन, पाण्याला काय झालं?"

"औषध घातलंय, आइता."

"कुणी?"

"खात्याने. वरून हुकूम आला. मला कालच कळलं."

तेवढ्यात खात्यातला आमचा वॉल्ट बादली घेऊन आला. भला माणूस, आइताला ओळखत नव्हता, कुणी म्हातारा मेंढपाळ समजला. म्हणाला, "अहो, हुकूम कसला! या बाईने तीन वर्षं सगळ्यांचा पिच्छा पुरवला तेव्हा कुठे आजचा दिवस उगवलाय. शाबासकी द्या तिला."

आइता म्हणाला, "असं होय."

मग विचारलं, "किती झाले?"

"दोन हजार एकशे सहा. अजून येतायत."

"मी त्रेचाळीस नेले होते," तो म्हणाला.

तू एकच वाक्य बोललास. "पुढल्या साली म्हणाली होतीस." आणि त्याला पुन्हा वर बसवलंस. तुम्ही तंबू न ठोकताच परत गेलात, नऊ मैल, त्या वयाच्या माणसाला घेऊन.

मासे मारल्याचा मला पश्चात्ताप नाही, बेन्यात. ते तसंच करावं लागलं असतं. "खात्याने" म्हणाले त्याचा आहे.

मायालेन


शेरिडन, २१ मे

बेन्यात,

तुझं चार पानी पत्र आज सकाळी मिळालं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचणार नाही.

तू लिहितोस, परत जाताना खिंडीत आइता म्हणाला, "तिचे हात पाहिलेस? सोललेत. तिला सांग लोकरीचं तेल लाव." तू सांगितलं नाहीस. ठीक. त्या दिवशी मीही सांगितलं नसतं.

पण मग तू डिसेंबरचं लिहितोस. तो म्हणाला, "तिला फोन कर. मला फोनवर ऐकू येत नाही, तू कर. म्हणावं नाताळला ये. माशांचं काय, मी नेले, तिने काढले. लेक घरी आली पाहिजे." आणि तू गोठ्यातल्या फोनकडे गेलास, हातात घेतलास, खाली ठेवलास, आणि आत येऊन त्याला सांगितलंस, "ती येत नाही म्हणते."

ती येत नाही म्हणते.

नाताळपासून अकरा फेब्रुवारीपर्यंत सात आठवडे तो जिवंत होता. मी पस्तीस मैलांवर होते. मला वाटत होतं तो मला बोलावत नाही. त्याला वाटत होतं मी येत नाही. आणि मधे तू.

दफनाच्या दिवशी मी शेवटच्या बाकावर बसले होते. तू मागे वळून पाहिलंस आणि पुन्हा समोर बघायला लागलास. मला वाटलं, त्याच्या मनात काय होतं ते तुझ्या तोंडावर दिसतंय. मी ते माझ्या वाट्याचं म्हणून घेतलं आणि घरी आले.

तुला वाटतं हे आता लिहून टाकलं की तुझी सॅक हलकी झाली? माझी भरलीस.

जाणं रद्द. तंबू मी माळ्यावर टाकलाय.

मा.


शेरिडन, १४ जून

बेन्यात,

आर्लीनने परवा फोन केला. म्हणाली, "तुम्ही दोघं काय लिहिता एकमेकांना? तो तीन दिवस जेवला नाही, मग एका दिवसात सगळं कुंपण दुरुस्त केलं."

मी म्हणाले, "वजनाबद्दल वाद चाललाय. कुणी किती उचलायचं त्याचा."

"मग वाटून घ्या की," ती म्हणाली. तिला खरंच सॅकबद्दल वाटलं. निदान मला तरी तसं वाटलं.

मागच्या पत्रात लिहिलेलं मी परत घेत नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, ती लिहिते.

तू त्याला "ती येत नाही" म्हणालास. पण मी गेले नाहीच. सप्टेंबरात गेले नाही, ऑक्टोबरात गेले नाही, त्याच्या वाढदिवसाला गेले नाही. मला कुणी अडवलं नव्हतं. नोव्हेंबरात एकदा तुमच्या फाटकापर्यंत आले होते. गाडी चालू ठेवून पाच मिनिटं बसले. खिडकीत दिवा होता. मग मागे वळवली. मी मनात म्हणाले, त्याने बोलावलं तर जाईन. बापाने लेकीला बोलवायचं म्हणे! चूक माझी आणि आमंत्रण मला हवं.

म्हणजे तू खोटं बोललास, पण माझ्या वागण्याशी ते जुळत होतं, म्हणून त्याला ते खरं वाटलं. मी तसं वागले नसते तर त्याने तुझ्यावर विश्वास ठेवला नसता. तो म्हणाला असता, "दे इकडे फोन, मी ओरडून बोलतो."

आपण दोघांनी त्याला एकेक खोटं सांगितलं. माझं पाण्याकाठीच उघडं पडलं. तुझं तुझ्या छातीत राहिलं आणि तुला एकट्याला ते इतकी वर्षं सांभाळावं लागलं. यातलं वाईट कोणतं ते मला ठरवता येत नाही. मला वाटायचं तू रागाने बोलत नाहीस.

तंबू खाली काढलाय. शिवणीला मेण लावून वाळत घातलाय. तेरा ऑगस्ट, सकाळी सात, गाडीरस्ता संपतो तिथे. तू आला नाहीस तर मी एकटी जाणार नाही. खिंड एकटीने चढायची माझी हिंमत नाही, आणि ते वयामुळे नाही.

मायालेन


शेरिडन, ३० जुलै

बेन्यात,

आर्लीनकडून निरोप मिळाला: "तवा मी आणतो. तिचा बुडाला चिकटतो." माझा तवा तू शेवटचा पाहिलास त्याला वीस वर्षं झाली, पण चिकटतो हे खरं आहे.

कालच खात्यातल्या एकाशी बोलले. यंदा बर्फ फार होता. खिंडीच्या उत्तर उतारावर अजून एक पट्टा आहे, पण वाट मोकळी आहे. ओढ्याचं पाणी आता उतरलंय, गुडघ्याला लागेल एवढंच. तळाजवळच्या वाळुंजाच्या झुडपांत एक मूस हरणाची मादी पिल्लू घेऊन फिरतेय, तिला लांबून वळसा घालायचा.

परवाना काढ. नाहीतर माझ्याच जुन्या खात्याने आपल्याला धरायचं.

मायालेन


शेरिडन, २३ ऑगस्ट

बेन्यात,

पाच दिवस आपण एकत्र होतो आणि परत आल्यावर मी तुला पत्र लिहायला बसलेय. तोंडाने बोलायला हवं होतं. जमलं नाही.

गाडीरस्त्याच्या टोकाशी तू माझ्या आधी आला होतास. टपावर तवा ठेवला होतास, झेंड्यासारखा. आपण हात मिळवला, परक्या माणसांसारखा, आणि मग तू माझी सॅक उचलून बघितलीस. "यात खुर्ची आहे ना?" म्हणालास. तेव्हा मला वाटलं, होईल, निभेल.

पहिला दिवस बरा गेला. खिंडीच्या चढावर तुझा गुडघा बोलायला लागला. मी म्हणाले, "तू पुढे हो, माझ्या डोळ्यांसमोर राहा. पडलास तर?"

"चढावर पडलो तर मागे तुझ्यावर पडेन," तू म्हणालास. "उतारावर पडलो तर लवकर पोचेन. दोन्ही फायद्याचंच."

खिंडीत तू बसलास. त्याच जागी आइताने हातांचं सांगितलं असेल असं मला वाटलं. विचारलं नाही.

ओढ्यावर पहिला मासा तुलाच लागला. माझ्या नाकतोड्यावर, हे नोंदवून ठेवते. तू ओल्या हाताने त्याला पाण्यातच धरून जबड्याखालची तांबडी रेघ बघत राहिलास. मी वाट बघत होते की तू काही म्हणशील. चांगलं किंवा वाईट. तू म्हणालास, "जड आहे." आणि सोडून दिलास. दुसऱ्या दिवशी सहा ठेवले, तीन तुझे, तीन माझे. लसूण आणि चोरिझोच्या तेलात तळले. खाऊन झाल्यावर तू काटे विस्तवात टाकलेस आणि म्हणालास, "ठिपक्यांपेक्षा मऊ आहे. चव कमी." मी म्हणाले, "हो." खरंच कमी आहे. मी हे कुठल्याच अहवालात लिहिलं नसतं.

आता ओढ्यावरच्या शेवटच्या सकाळचं.

तू कॉफी ठेवली होतीस आणि म्हणालास, "त्या दिवशी तू कुठे उभी होतीस ते दाखव." मी दाखवलं. वळणाच्या खाली, जिथे जाळी लावली होती, तिथल्या सपाट खडकालगतचं पाणी. तू कप घेऊन त्या खडकावर बसलास आणि वर पाहिलंस.

तिथून खिंड दिसते. नुसती खिंड नाही, तिच्यापासून खाली येणारी सगळी वाट दिसते, एकूण एक वळण. झाड नाही मधे एकही.

तेवढ्यात खिंडीत दोन माणसं दिसली, एकाचं जाकीट लाल. तू त्यांच्याकडे बघत राहिलास. मी तंबू मोडायला घेतला. खुंट्या उपटल्या, घडी घातली, पिशवीत कोंबला, तू तिथेच. तुझी कॉफी संपली, तू दुसरी घेतलीस, तीही संपली. ती माणसं तेव्हा कुठे शेवटच्या वळणावर आली होती. मग ती आपल्यापाशी पोचली, "मासे लागतायत का?" म्हणून विचारून पुढे गेली. तू घड्याळ पाहिलंस. मग माझ्याकडे पाहिलंस.

मी म्हणेन काहीतरी, म्हणून तू थांबलास. मी खुंट्या मोजत बसले. आठच असतात. मी चारदा मोजल्या.

तू म्हणालास, "चल, आवर. माझा गुडघा हळू चालतो."

परतीच्या नऊ मैलांत तू ते एकदाही काढलं नाहीस. गाडीपाशी माझी सॅक माझ्या गाडीत ठेवलीस आणि तवा मला दिलास. "राहू दे तुझ्याकडे," म्हणालास.

तर लिहिते. हो, मी तुम्हाला पाहिलं होतं.

एप्रिलच्या पत्रात लिहिलं की मान वर केली तर सिनेटर पाण्याशी उभा. ते खोटं आहे. तेरा वर्षं मी ते स्वतःलाही तसंच सांगत आले. मी तुम्हाला खिंडीतच पाहिलं. आधी वाटलं, शिकारवाला असेल कुणी, हंगामाआधी जागा बघायला आलेला. पण सिनेटर उतारावर कसा तिरका चालायचा, आणि पुढे तू लगाम धरून, आणि वर बसलेला माणूस मागे रेलून. उतारावर इतका आरामात रेलणारा माणूस दुसरा नाही. पहिल्याच वळणावर मला कळलं.

दीड तास होता माझ्यापाशी. मी वर चढून येऊ शकत होते. अर्ध्या वाटेत तुम्हाला गाठून म्हणू शकत होते, "आइता, खाली येऊ नका. मी हे केलंय. मी बेन्यातला खोटं सांगितलं. चला, इथेच बसू, मी सगळं सांगते." तो ओरडला असता, मला शिव्या घातल्या असत्या. पण ते पाणी त्याने पाहिलं नसतं.

मी वॉल्टला वरच्या जाळीकडे पाठवलं, म्हणजे त्याने काही विचारू नये. आणि मोजत राहिले. एक हजार चारशेला तुम्ही मधल्या वळणावर होतात. एक हजार नऊशेला खालच्या वळणावर. आणि मोजता मोजता मी वाक्य तयार करत होते. "वरून हुकूम आला" की "वरून आदेश आला"? "कालच कळलं" की "परवा"? दीड तास मी ते घोळवलं, म्हणून ते माझ्या तोंडून इतकं सहज आलं. खरं सांगायला एवढी तयारी लागली नसती.

वॉल्ट लवकर परत येईल हे तेवढं मी धरलं नव्हतं.

तुला हे त्या खडकावर बसून कळलं. मला कळलं की तुला कळलंय. आणि तरी तू माझी सॅक उचललीस. त्या उचलण्याचा अर्थ काय लावायचा ते मला समजत नाही. तू मला माफ केलंस म्हणून उचललीस, की मी म्हातारी झालेय म्हणून? डिसेंबरातल्या त्या फोनचं तू मला लिहिलंस तेव्हा मी तुझ्यावर तीन आठवडे दार बंद केलं. तुझ्या जागी मी असते तर तिथून एकटी निघून गेले असते, असं मला वाटतं.

यापुढे माझ्यापाशी न सांगितलेलं काही नाही. शोधून पाहिलं.

येत्या रविवारी मी तुमच्याकडे येतेय. आर्लीनला सांगू नकोस, ती स्वयंपाकाचा घाट घालेल. "ये" म्हणून फोन करू नकोस आणि "नको" म्हणूनही करू नकोस, मी उचलणार नाही. दुपारी दोनच्या सुमाराला निघेन. तुमच्या घरासमोरचा कच्चा रस्ता दोन मैल सरळ आहे, या दिवसांत कोरडाठाक असतो. माझ्या गाडीचा धुरळा तुला ओसरीवरून लांबूनच दिसेल. पाच-सात मिनिटं मिळतील. तेवढ्यात तुला आत जाऊन बसायचं असेल तर बस, मला राग येणार नाही.

मी मात्र फाटकाशी गाडी बंद करणार आहे.

मायालेन